म्हातारपण आपल्याच घरात सुखरूप जावे म्हणून : सांगलीतील घरांसाठी कामांचा क्रम

साठी-सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांना अखेरपर्यंत स्वतःच्याच घरात राहायचे असते, आणि ही इच्छा पुरी होण्यासारखी आहे. शेजार ओळखीचा असतो, वाणी उधारीला नाही म्हणत नाही, अंधारातही हात नेमका दिव्याच्या बटणावर जातो. अडचण एवढीच, की गावभागातला जुना वाडा असो, विश्रामबागेतला बंगला असो की शंभर फुटी रस्त्याजवळचा फ्लॅट, ते घर तरुण पायांच्या हिशेबाने बांधलेले असते. पाय थकतात आणि घर मात्र होते तसेच राहते. ज्यांनी या दृष्टीने आपल्या घराकडे आजवर पाहिलेलेच नाही अशा ज्येष्ठांसाठी, आणि पुण्या-मुंबईत राहून सांगलीतल्या आईवडिलांची काळजी वाहणाऱ्या त्यांच्या मुलांसाठी, ही कामे कोणत्या क्रमाने करावीत ते पुढे दिले आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. पहिली म्हणजे ही तयारी घरात कोणी पडण्याच्या आधी करायची असते. खुब्याचे हाड मोडून माणूस दवाखान्यात पोहोचला की मग गवंडी, प्लंबर आणि पलंग यांची धावाधाव एकाच आठवड्यात सुरू होते आणि त्या घाईत झालेले काम बहुधा चुकीच्या उंचीवर किंवा चुकीच्या जागी होते. दुसरी गोष्ट मुलांसाठी आहे. घर ज्यांचे आहे त्यांना विचारल्याशिवाय एक खुर्चीही हलवू नये. सुट्टीत येऊन दोन दिवसांत सगळे सामान फिरवून टाकणारी मुले प्रेमापोटीच तसे करतात, परंतु वर्षानुवर्षे ज्या कपाटाचा आधार घेण्याची हाताला सवय झालेली असते ते कपाट जागेवर नसणे हाच एक धोका असतो.

पहिली पायरी : रात्रीची वाट चालून पाहावी

सुरुवात बिछान्यापासून संडासापर्यंतच्या वाटेने करावी, कारण ज्येष्ठ माणसे घरात पडतात ती पुष्कळदा याच वाटेवर, झोपेतून अर्धवट उठलेली असताना. रात्री निजानीज झाल्यावर, नेहमी असतात तेवढेच दिवे ठेवून आणि नेहमीच्याच चपला घालून, त्या व्यक्तीला ही वाट चालायला सांगावे व आपण मागून पाहावे. चालताना हात कुठे कुठे जातो ते नीट टिपावे. दाराची चौकट, फ्रिजची कड, प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ, कपडे वाळत घालण्याची दोरी अशा ठिकाणी हात जात असेल, तर शरीराने आधार कुठे हवा आहे हे स्वतःच सांगितलेले असते. खुर्ची आणि दोरी हा आधार नव्हे. त्या जागी भिंतीला पक्की दांडी बसवावी लागेल.

याच फेरीत वाटेतला अडथळाही दिसतो. मुडपलेल्या सतरंजीचा कोपरा, कूलरची जमिनीवरून गेलेली वायर, उंबऱ्याला लागून ठेवलेले पाण्याचे पिंप आणि संडासाच्या दारातले ओले पायपुसणे या चार गोष्टी त्याच रात्री हलवता येतात आणि त्याला पैसा लागत नाही. पायपुसणे हवेच असेल तर खालून रबर असलेले, जमिनीला चिकटून राहणारे घ्यावे. जुन्या लुगड्याच्या घडीचे पायपुसणे फरशीवरून पायासकट सरकते.

उजेडासाठी वाटेवर दोन-तीन ठिकाणी मंद एलईडी दिवे रात्रभर चालू ठेवावेत, ज्यांचा विजेचा खर्च नगण्य असतो. पलंगावरून हात पोहोचेल असे एक बटण वायरमनकडून बसवून घ्यावे आणि उशीजवळ टॉर्च ठेवावा, कारण पावसाळ्यात वीज जाते ती विचारून जात नाही. पलंगाची उंची अशी असावी, की कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. साधारण १८ ते २० इंच उंची बहुतेकांना पुरते. जमिनीवरच्या गादीवरून उठणे सत्तरीनंतर दरवर्षी अवघड होत जाते, म्हणून ती सवय लवकर सोडलेली बरी. उठताना आधी मिनिट-दोन मिनिटे कडेवर बसून मगच उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब एकदम उभे राहिल्यावर घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो.

जुन्या वाड्यांची अडचण वेगळी आहे. तिथे संडास परसदारी असतो आणि पावसात शेवाळलेल्या दगडांवरून अंगण ओलांडावे लागते. जिन्याखालची किंवा माजघराच्या कोपऱ्यातली जागा काढून तिथे आत संडास बांधून घेणे हा या घरांमधला सर्वांत उपयोगी खर्च आहे, आणि घराला रंग देण्याआधी तो करावा. ते शक्य नसेल तोवर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवावी. अनेकांना त्याचा संकोच वाटतो. पण रात्री दोन वाजता भिजत अंगणात जाण्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित आहे, हे घरातल्यांनी समजुतीने सांगावे.

दुसरी पायरी : न्हाणीघर आणि संडास

या खोल्यांवर हात आखडता घेऊ नये. सांगलीच्या जुन्या घरांत न्हाणीघरात शहाबादी फरशी असते. वर्षांच्या वापराने ती गुळगुळीत होते आणि साबणाचे पाणी पडले की तिच्यावर पाय ठरत नाही. ती काढून खडबडीत पृष्ठाच्या टाइल्स लावाव्यात, किंवा पाथरवटाकडून तिला टाकी मारून खरखरीत करून घ्यावी. पाण्याचा उतार मोरीकडे नीट आहे ना तेही पाहावे, कारण साचलेले पाणी म्हणजे चार दिवसांत शेवाळ. अंघोळ बसूनच करावी. त्यासाठी रुंद पायांचे, रबरी टोप्या असलेले, हलले तरी न सरकणारे स्टूल घ्यावे. जमिनीलगतच्या पाटावर बसणे आणि उठणे दोन्ही गुडघ्यांना जड जाते.

आधाराच्या दांड्या दोन ठिकाणी हव्यात : कमोडच्या शेजारच्या भिंतीवर, आणि अंघोळीला बसण्या-उठण्याच्या जागी. दांडी जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर असावी, तिची जाडी सव्वा ते दीड इंच असावी आणि भिंतीपासून ती दीड इंच दूर असावी, म्हणजे मूठ पूर्ण वळते पण कोपर मागे अडकत नाही. उंची पुस्तकी आकड्यावर न सोडता, ज्यांना ती वापरायची आहे त्यांना तिथे बसवून, हात कुठे जातो ते पाहून खडूने खूण करावी आणि मगच भोक पाडायला सांगावे. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचे वजन पेलत नाही आणि हवेच्या दाबाने चिकटणारे रबरी हँडल ऐन वेळी सुटते; या दोहोंवर कधीही भरवसा ठेवू नये.

इथे वाडेकऱ्यांनी एक खबरदारी घ्यायची आहे. माती आणि विटांच्या जुन्या भिंतीत फास्टनर धरत नाही. बसवताना घट्ट वाटतो आणि जोर पडला की मातीसकट बाहेर येतो. अशा भिंतीत बोल्ट आरपार घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी, किंवा वेल्डिंगवाल्याकडून जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेला पाइप करून घ्यावा. काम झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दांडीला लोंबकळून पाहावे आणि मगच मिस्त्रीचे पैसे द्यावेत.

उकिडवे बसायच्या भांड्याऐवजी कमोड बसवावा आणि त्याची बैठक १७ ते १९ इंच उंच असावी. सध्याचा कमोड बुटका असेल तर वर बसवायची उंच बैठक मिळते, ती पुरेशी होते. नळ आणि साबण बसल्या जागेवरून, वाकल्याशिवाय हाताला यावेत.

दाराकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. माणूस आत पडला आणि दार आत उघडणारे असले तर तो दारालाच आडवा होतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. म्हणून न्हाणीघर व संडास यांची दारे बाहेर उघडणारी करून घ्यावीत आणि आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असे लॅच लावावे. तोवर कडी न घालता दाराबाहेर एखादा रंगीत टॉवेल अडकवण्याची खूण घरात ठरवावी.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात असणे जिवावर बेतते. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याचा पाइप आत घ्यावा. विजेचा गिझर असेल तर त्याचे तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवावे, आणि घराच्या मुख्य बोर्डात विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण आहे ना ते वायरमनला विचारावे.

तिसरी पायरी : उंबरे, पायऱ्या आणि जिना

ज्या उंबऱ्याचे देवाधर्मापुरतेच महत्त्व आहे तो ठेवावा, पण त्याची कड ठसठशीत पिवळ्या किंवा लाल रंगाने रंगवावी. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना काळ्या फरशीवरचा काळा उंबरा दिसत नाही. मधल्या खोल्यांचे उंबरे काढून टाकावेत. जोत्यावर चढायच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा हवा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा असेल तर प्रत्येक इंच उंचीमागे एक फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फुटांचा उतार. जागा नसताना केलेला तीव्र उतार पायऱ्यांहून घातक असतो. वाड्यातला उभा लाकडी जिना दुरुस्त करण्याच्या भरीस न पडता झोपण्याची खोली खाली आणावी आणि माळ्यावरच्या वस्तू उतरवायला दुसऱ्या कोणाला तरी सांगावे.

चौथी पायरी : स्वयंपाकघर

रोजची भांडी, पीठ, चहा-साखर कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर असावी, म्हणजे स्टुलावर चढावे लागत नाही. पदर खोचून आणि ओट्याच्या मागच्या शेगडीवर हात न पोहोचवता स्वयंपाक करावा. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घेतलेली चांगली. सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. ज्यांना विसरायला होऊ लागले आहे त्यांच्यासाठी डबा लावणे अधिक शहाणपणाचे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पाचवी पायरी : औषधे, डोळे आणि पाय

एका माणसाला रक्तदाबाचे, मधुमेहाचे आणि गुडघ्यांचे असे तीन डॉक्टर असले, की तिघांच्या गोळ्या एकत्र येतात आणि त्या एकमेकींना कशा बाधतात हे पाहणारा कोणीच नसतो. सगळी पाकिटे, आयुर्वेदिक काढ्यांसह, एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर रिकामी करावी आणि यातली कोणती बंद करता येईल असे सरळ विचारावे. झोपेच्या गोळ्यांबद्दल तर आवर्जून विचारावे, कारण रात्री तोल जाण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणल्यास गोळी घेतली की नाही हा रोजचा वाद संपतो.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना दरदरून घाम, थरथर किंवा एकाएकी गोंधळल्यासारखे झाले आणि ते शुद्धीवर असले, तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे किंवा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून थोडे पडून राहिल्यावर बरे वाटेल अशी वाट पाहू नये. सांगली-मिरजेचे एक भाग्य असे, की मिरजेला १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय उभे केल्यापासून इथे वैद्यकीय सेवेची मोठी परंपरा आहे. मात्र सीटी स्कॅन आणि मेंदूचे डॉक्टर चोवीस तास कुठे असतात, हे आजच विचारून लिहून ठेवावे.

पायांची ताकद टिकवणे हा सगळ्या दांड्यांहून मोठा आधार आहे. रोज सकाळी हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे एवढे केले तरी फरक पडतो. आमराईत फिरायला जाणाऱ्यांनी तो नेम मोडू नये. झिजून तळ गुळगुळीत झालेल्या रबरी चपला टाकून द्याव्यात आणि मागे पट्टा असलेले पादत्राण घरातही वापरावे. डोळे वर्षातून एकदा तपासावेत.

इतके करूनही कोणी पडलेच, तर त्यांना काखेत हात घालून ताबडतोब उभे करू नये. खुब्यात कळा येत असतील, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर पांघरूण घालून तिथेच ठेवावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो कितीही हसत-बोलत असला तरी दवाखान्यात न्यावे. दुखत काही नसेल, तर आधी कुशीवर वळून, मग रांगत खुर्चीपाशी जाऊन, तिला धरून उठण्याची पद्धत घरातल्या सर्वांनी बरे असतानाच एकदा करून पाहावी.

सहावी पायरी : माणसे

एकट्या-दुकट्याने राहणाऱ्यांसाठी सर्वांत विश्वासाची व्यवस्था म्हणजे रोज ठरलेल्या वेळी होणारा फोन. सकाळी आठला फोन आला नाही तर शेजारी जाऊन पाहतील, हे आधी बोलून ठेवावे आणि त्या शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली द्यावी. फोन उशाशी किंवा गळ्यात असावा. पडलेल्या माणसाला भिंतीवरचा फोन गाठता येत नाही. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोठ्या अक्षरांत दाराशेजारी लावावी. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालावे, कारण दोन दिवस दिसले नाही तर विचारणारी माणसे तिथे भेटतात. कामाला ठेवलेल्या व्यक्तीची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, आणि तिच्या कामाचे तास, सुट्टी व पगार पहिल्याच दिवशी स्पष्ट ठरवावा. आजारी माणसाची उठबस हे कष्टाचे काम आहे.

सातवी पायरी : कागद आणि पैसे

सत्तरी पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. आधारवर काढायचे ते कार्ड धडधाकट असतानाच काढून ठेवावे. पेन्शनरांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चेहऱ्याच्या ओळखीवर मोबाइलवरून किंवा पोस्टमनला घरी बोलावून करता येतो हे लक्षात ठेवावे. बँकेतली खाती पती-पत्नीच्या नावे अशी असावीत, की दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील. पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालणारा माणूस भामटाच असतो. फोन ठेवून १९३० वर तक्रार करावी.

घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याची घाई मात्र करू नये, हे माझे ठाम मत आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करता येते, हवे तेव्हा बदलता येते आणि आपण असेपर्यंत घर आपलेच राहते. बक्षीसपत्र करायचेच असेल तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याण अधिनियमाच्या कलम २३ नुसार ती अट मोडल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतर रद्द करून मागता येते.

आठवी पायरी : पुराची तयारी

नदीकाठच्या भागांत वरची सगळी तयारी एका पावसाळ्यात अपुरी पडू शकते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरले. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हरिपूरला वारणा येऊन मिळते, त्यामुळे केवळ कोयनेच्या विसर्गावर नजर ठेवून अंदाज बांधता येत नाही. आपल्या दारात पाणी किती फुटांना येते हे जुन्या शेजाऱ्यांकडून जाणून घेऊन भिंतीवर लिहून ठेवावे.

ज्या घरात चालायला त्रास असलेली व्यक्ती आहे, त्यांनी इतरांच्या आधी निघायचे असते. इशारा पातळी गाठली आणि पाणी वाढतेच आहे असे कळले की दिवसाउजेडी, रस्ते कोरडे असताना, विश्रामबाग किंवा मिरजेसारख्या उंच भागातल्या नातेवाइकांकडे जावे. हे घर कोणाचे, हे मे महिन्यातच बोलून ठरवावे. वरच्या मजल्यावर बसून काढू, असे म्हणणाऱ्यांना वीज, पिण्याचे पाणी आणि संडास यांवाचून किती दिवस काढावे लागतील याचा अंदाज नसतो, आणि शेवटी बोटीतच बसावे लागते. २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना हलवणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. जिन्यावरून उचलून बोटीत ठेवावे लागणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो धोका आणखी वाढतो.

जूनच्या सुरुवातीलाच एक पिशवी भरून दाराशी ठेवावी. तिच्यात पंधरा दिवसांची औषधे व त्यांच्या चिठ्ठ्या, चष्म्याची दुसरी जोडी, कानाच्या यंत्राचे सेल, प्रौढांचे डायपर, काठी, आणि प्लास्टिकच्या पाकिटात आधार, पासबुक, घराचे कागद व आयुष्मान कार्डाच्या प्रती असाव्यात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी छोटा थर्मास जवळ ठेवावा. इन्सुलिन बर्फाला थेट टेकू देऊ नये, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. निघताना मुख्य बटण आणि गॅस बंद करावा.

पाणी ओसरल्यावर परतण्याची घाई ज्येष्ठांनी करू नये. आधी तरुण माणसांनी जाऊन गाळ काढावा, वायरमनकडून सर्व वायरिंग तपासून घ्यावे, संडासाची टाकी मोकळी झाली आहे का आणि दांड्यांचे बोल्ट व पायऱ्यांचे दगड सैल झाले आहेत का ते पाहावे. गाळाचा पातळ थर सुकलेला दिसला तरी पाणी पडताच पुन्हा निसरडा होतो, म्हणून फरशा ब्रशने घासून दोनदा धुवाव्यात. पिण्याचे पाणी काही आठवडे उकळूनच द्यावे, आणि परतल्यानंतर कोणाला ताप आला तर पुराच्या पाण्याशी संपर्क आला होता हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.